बांच्या माहेरापासून आगाखान पॅलेसपर्यंत

शुक्रवार, गाडीत

पोरबंदरला निघालोय म्हटलं की समोरचा माणूस उरलेलं वाक्य स्वतःच पुरं करतो. "द्वारका-सोमनाथ ना? छान, छान." सौराष्ट्र एक्स्प्रेसच्या आमच्या डब्यात वापीपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी सासूबाईंनी डबा उघडता उघडता सांगून टाकलं, "द्वारका झाली आमची मागेच. आता एका बाईच्या माहेरी चाललोय."

ती बाई म्हणजे कस्तुर गोकुळदास कापडिया. पुढे कस्तुरबा, आणि मग सगळ्यांची नुसती 'बा'.

बेत माझा होता. कॉलेजात इतिहास शिकवताना गांधींना तास पुरत नाहीत आणि बा एका ओळीत आटपतात, याची बोच कधीची होती. माहेर पोरबंदर, सासर राजकोट, मग साबरमती, सेवाग्राम आणि शेवट पुण्यात, असा तिच्या आयुष्याचा हिंदुस्थानातला रस्ता एका दमात करून बघावा असं डोक्यात होतं. ह्यांना रजा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, मी येते. त्यांचा गुडघा कुरकुरतो, आणि गांधींबद्दल त्यांना फार प्रेम नाही की राग नाही, त्यामुळे मी जरा चाचरलेच. पण तालुक्याच्या गावी जन्मभर मोठं खटलं सांभाळलेली बाई कुठल्याही घरात शिरली की आधी मोरी कुठे, चूल कुठे, पाणी कुठून येतं ते बघते. माझी पुस्तकं या जागांबद्दल जे सांगत नव्हती ते त्यामुळे कळत गेलं.

शनिवार, पोरबंदर

सकाळी उतरलो तर हवेला समुद्राचा खारा वास. गावातली जुनी घरं तिथल्याच पांढऱ्या दगडाची, खाऱ्या वाऱ्यानं कोपरे झिजलेली. लॉजवर अंघोळी उरकून, चहाबरोबर इथली ती पापुद्र्यांची खाजली खाऊन, थेट कीर्तिमंदिर गाठलं.

कीर्तिमंदिर भर बाजारात आहे. उद्योगपती नानजी कालिदास मेहतांनी गांधींच्या जन्मघराला लागून ते बांधलं. १९५० मध्ये सरदार पटेलांच्या हस्ते उद्घाटन झालं. उंची ७९ फूट, कारण गांधींना आयुष्य ७९ वर्षांचं मिळालं. मध्यावर गांधी आणि कस्तुरबा दोघांची मोठी तैलचित्रं आहेत, हे मला आवडलं. शेजारच्या तिमजली जुन्या घरात जन्माच्या जागी जमिनीवर स्वस्तिक काढलंय, आणि त्याच्याभोवती एका शाळेची सहल फोटोसाठी ढकलाढकली करत होती.

कस्तुरबांचं घर मागच्या अंगाला आहे. कीर्तिमंदिराच्या मागून बोळात शिरायचं, दोनचार वळणं, की आलंच. सहल तिकडे वळली नाही. आत शिरलो तेव्हा रखवालदार सोडता आम्ही दोघीच होतो.

घर तालेवार आहे. कापडियांचा धान्याचा, कापडाचा, कापसाचा व्यापार होता. सासरच्या गांधींकडे दिवाणगिरीचा मान असला तरी पैसा इकडे कमी नव्हता, हे खोल्यांवरून कळतं. जाड भिंती, भिंतीत कोनाडे, लाकडी खांब, ठेंगणी दारं. माडीवर जायचा जिना इतका उभा की सासूबाईंनी खालूनच हात टेकले. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "पाणी कुठून आणायच्या गं ह्या?" पोरबंदरला विहिरींचं पाणी खारं. त्यामुळे अशा घरांत गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीनं खाली टाक्यात घ्यायचे आणि वर्षभर तेच पुरवायचे. सासूबाई टाक्याचा विचार करत राहिल्या. "म्हणजे गच्ची झाडून ठेवायचं काम पोरींकडेच असणार."

त्या एका वाक्यानं मला घरात माणसं दिसायला लागली. नाहीतर सगळ्या खोल्या रिकाम्या. मांडायला काही नाहीच. ११ एप्रिल १८६९ ही कस्तुरची जन्मतारीख म्हणून सांगतात, म्हणजे ती मोहनदासपेक्षा जवळजवळ सहा महिन्यांनी मोठी. सातव्या वर्षी सोयरीक. शाळा नाहीच. १८८३ मध्ये चौदाव्या वर्षी लग्न. तेही एकट्याचं नव्हे, मोहनदास, त्याचा मोठा भाऊ आणि एक चुलतभाऊ अशा तिघांचे बार एकाच मांडवात उडवले, खर्च वाचावा म्हणून. हे गांधींनीच लिहून ठेवलंय.

त्यांनीच पुढे हेही लिहिलंय की आपण संशयी नवरा होतो. बायकोनं आपल्याला विचारल्याशिवाय देवळातसुद्धा जाऊ नये असा हुकूम सोडला. ती भांडली नाही, रडली नाही. देवळात जायचं तेव्हा गेली.

बोळातून बाहेर पडताना सासूबाई म्हणाल्या, "चौदा वर्षांची पोर. मला तर तेव्हा परकर सावरता येत नव्हता."

संध्याकाळी सुदामा मंदिर झालं, चौपाटी झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रविवार, राजकोट

पोरबंदर ते राजकोट हा रस्ता कुतियाणा, उपलेटा, धोराजी, जेतपूर, गोंडल असा जातो. दोन्ही हातांना भुईमूग आणि कपाशी. आम्ही चारेक तासांत पोचलो. १८८३ मध्ये बैलगाडीनं याला पाच दिवस लागायचे. मोहनदासचे वडील राजकोटला दिवाण होते. मुलाच्या लग्नासाठी ठाकोरसाहेबांनी, म्हणजे राजकोटच्या संस्थानिकांनी, त्यांना अगदी ऐनवेळी सोडलं आणि तीन दिवसांत पोचता यावं म्हणून खास टपाली गाड्या दिल्या. तिसऱ्या दिवशी गाडी उलटली. नवरदेवाचा बाप अंगभर पट्ट्या बांधून मांडवात उभा राहिला. दोनेक वर्षांनी, १८८५ मध्ये, ते गेले तेव्हा कस्तुरला दिवस गेले होते. ते पहिलं मूल तीनचार दिवसांतच गेलं. वडिलांचा प्राण जाताना आपण बायकोच्या खोलीत होतो, ही टोचणी गांधींना जन्मभर पुरली आणि त्यांनी ती पानंच्या पानं मांडली. सोळा वर्षांच्या बाळंतिणीचं काय झालं, त्यावर एकदोन वाक्यं आहेत.

राजकोटला दुपारी पोचायचं नसतं. एक वाजला की बाजार मिटतो तो चारपर्यंत. पुण्याच्या दुकानदारांवर उगाच विनोद करतात लोक. इकडे सगळं शहरच वामकुक्षी करतं. आम्हीही लॉजवर पडलो, आणि चारनंतर 'कबा गांधीनो डेलो' बघायला गेलो.

मोठा दरवाजा, आत चौक, चौकाभोवती खोल्या. हे सासर. आता भिंतींवर फोटो आणि मजकूर आहे, बहुतेक मोहनदासच्या चरित्राचा. मी कॅलेंडर मांडत होते. हरिलाल १८८८ मध्ये झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात नवरा विलायतेला गेला, त्यासाठी बायकोचे दागिने मोडायचाही विचार झाला. १८९१ मध्ये आला. १८९२ मध्ये मणिलाल. १८९३ च्या एप्रिलात नवरा पुन्हा आगबोटीत, दक्षिण आफ्रिकेला. परत आला १८९६ मध्ये. मधे एकदा संशयानं तिला माहेरी धाडून दिली आणि पुरती रडकुंडीला आणल्यावरच परत बोलावली, हे पुन्हा त्यांच्याच लेखणीतून.

"आठ वर्षांत पुरती दोन वर्षंही नवरा घरी नाही," मी म्हटलं.

"आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर कोकणातली एक होती," सासूबाई चौकाच्या पायरीवर बसत म्हणाल्या. "नवरा मुंबईला गिरणीत. गणपतीला यायचा नि शिमग्याला. तिला कुणी विचारलं, एकटीनं कसं निभावतेस, तर म्हणायची, एकटी कुठं, सासू आहे, जावा आहेत, तेच तर निभवायचंय."

पुतळीबाई, म्हणजे कस्तुरच्या सासूबाई, मुलगा विलायतेत असतानाच वारल्या. त्याला ते परतल्यावर कळलं. त्यांचं आजारपण कुणी काढलं असेल ते सांगायला नको. सासूबाईंनी ते ऐकून फक्त मान हलवली. मग चौकात ऊन कुठून येत असेल, पापड वाळवायला कुठे जागा असेल, हे त्या बघायला लागल्या. मला भिंतीवरच्या मजकुरापेक्षा तेच ऐकत बसावंसं वाटलं.

गांधी शिकले ते आल्फ्रेड हायस्कूल आता २०१८ पासून मोठं संग्रहालय झालंय. पडद्यावरची चलचित्रं, दिवे, सगळं झकास. तिथे धावतपळत जाऊन आलो.

सोमवार, त्रंबा

या सहलीतलं माझं सगळ्यात लाडकं ठिकाण असं की तिथे बघण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. राजकोटहून भावनगरच्या रस्त्यानं पंधराएक किलोमीटरवर त्रंबा गाव आहे. रिक्षावाल्याला 'कस्तुरबाधाम' सांगितल्यावर त्यानं आरशातून आमच्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

१९३९ साल. राजकोट संस्थानात प्रजेला कारभारात वाटा देण्याचा जो समझोता सरदार पटेलांबरोबर झाला होता तो ठाकोरसाहेबांनी आणि त्यांचे दिवाण दरबार वीरावाळा यांनी मोडला, आणि सत्याग्रह पुन्हा पेटला. बा तेव्हा सत्तरीला आलेल्या, हृदय कमजोर. राजकोट म्हणजे माझं घर, मला गेलंच पाहिजे, असं म्हणून त्या सरदारांची मुलगी मणिबेन हिच्याबरोबर निघाल्या. ३ फेब्रुवारीला अटक झाली आणि पुढे त्यांना इथे, संस्थानच्या जागेत स्थानबद्ध ठेवलं. मार्चच्या सुरुवातीला गांधी स्वतः राजकोटला येऊन उपोषणाला बसले.

क्रम लक्षात घ्या. आधी बा आल्या, मग बापू.

आणि ही काही पहिली वेळ नव्हती. १९१३ च्या मार्चमध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीनं न लागलेली आणि नोंदणी न झालेली लग्नं दक्षिण आफ्रिकेत कायदेशीर नाहीत. एका फटक्यात तिथल्या सगळ्या हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्याच्या लेखी ठेवलेल्या बायका झाल्या. तेव्हा बांच्या संसाराला तीस वर्षं झालेली, चार मुलगे. फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची पहिली तुकडी सप्टेंबरात ट्रान्सवालची हद्द परवान्याशिवाय ओलांडायला निघाली, त्यात बा होत्या. तीन महिने सक्तमजुरी. मारित्सबर्गच्या तुरुंगातून डिसेंबरात सुटल्या तेव्हा हाडांचा सापळा उरला होता.

हे मी त्रंब्याच्या ओट्यावर बसून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी 'सक्तमजुरी' म्हणजे काय काम असेल ते विचारलं. बायकांना बहुधा कपडे धुणं, असं मी सांगितल्यावर त्या हसल्या. "मग त्यात शिक्षा कसली? ते तर घरीही होतंच."

तिथल्या एका गृहस्थांनी आग्रहानं छास पाजली. बाजरीचा रोटला आणि वांग्याचा ओळो रस्त्यावरच्या ढाब्यावर खाल्ला, तो फर्मास होता. संध्याकाळच्या बसनं अहमदाबाद.

मंगळवार, साबरमती

भल्या सकाळी आश्रमात गेलो, गर्दी व्हायच्या आत. नदीकडून वारा होता. १९१५ मध्ये कोचरबला सुरू झालेला आश्रम १९१७ मध्ये इथे आला. हृदयकुंजात बापूंची खोली, तिथला चरखा, बैठं मेज, सगळं ओळखीचं. बांची खोली लहान, आत काही नाही म्हणावं इतकं कमी, स्वयंपाकघर जवळच. सासूबाईंनी उंबऱ्यातूनच अंदाज घेतला. "स्वयंपाकघरातून हाक मारली की लगेच ऐकू जाणार. झोप कसली लागते अशा खोलीत!"

याच खोलीपायी १९२९ मध्ये एक प्रकरण झालं. बांना कुणी भेट म्हणून दिलेले पैसे त्यांनी आश्रमाच्या दफ्तरी जमा न करता स्वतःजवळ ठेवले होते. आधी एकदा शंभर-दोनशे रुपये होते. चोरांनी खोली फोडली तेव्हा ते उघड झालं आणि बांनी कबूल करून पुन्हा असं न करण्याचं ठरवलं. नंतर परत कुणा अनोळखी लोकांनी दिलेले चार रुपये राहिले. चार. गांधींनी 'नवजीवन'मध्ये हे सगळं नावानिशी छापलं, आपली शरम आणि आपलं दुःख म्हणून.

सासूबाई हे ऐकून थांबल्याच. "छापलं? पेपरात?"

"हो."

"चार रुपयांसाठी?"

आश्रमात खासगी मालमत्ता कुणालाच नव्हती, नियम सगळ्यांना सारखा, बायकोला सूट दिली तर संस्था टिकणार नाही, वगैरे मी समजावू लागले. ते खोटंही नाही. पण समोर जी उभी होती तिच्या घरी डाळीच्या डब्यात, गहू ठेवायच्या कोठीत, कुठे ना कुठे चार पैसे बाजूला असतातच, आणि त्या पैशांनी घरातली किती दुखणी आणि किती फिया निभावल्या ते मला माहीत आहे. त्यामुळे माझा युक्तिवाद माझ्याच कानांना पातळ वाटायला लागला.

मग मी हाराची गोष्ट सांगितली. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत सोडताना तिथल्या हिंदी लोकांनी निरोपादाखल दागिने दिले, त्यात एक पन्नास गिनींचा सोन्याचा हार खास बांसाठी. गांधींनी रातोरात ठरवलं की हे सगळं लोकांच्या कामासाठी ठेव म्हणून द्यायचं. मुलांना आधी पटवलं आणि मग त्यांना पुढे करून बांकडे गेले. बांनी सहज मान तुकवली नाही. माझ्यासाठी नको, पण उद्या सुना येतील त्यांचं काय? पोरांना आत्तापासून बैरागी करायला निघालात. आणि हार मला दिलाय, तो तुमच्या सेवेबद्दल असेल, तर रात्रंदिवस मी जे राबले ती सेवा नाही का? अशा अर्थाचं त्या बोलल्या. हे सगळं गांधींनीच नोंदवलंय. हार गेलाच. पण शेवटच्या मुद्द्याला त्यांच्याकडे उत्तर होतं असं काही त्या पानावरून दिसत नाही.

बांना अगदी देव्हाऱ्यात बसवावं असंही माझं म्हणणं नाही. १८९८ मध्ये डर्बनच्या घरात पंचम, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या, समाजातल्या एका कारकुनाचं मूत्रपात्र उचलायची वेळ आली तेव्हा त्यांना ते जड गेलं, आणि गांधींनी संतापून त्यांचा हात धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. कोचरबला दूदाभाईंचं दलित कुटुंब राहायला आलं तेव्हाही बा नाराज होत्या. पुढे त्याच घरातली लक्ष्मी आश्रमाची लेक झाली. माणूस असा हळूहळूच बदलतो. १९३८ मध्ये दलितांना बंदी असलेल्या पुरीच्या जगन्नाथ मंदिरात त्या दर्शनाला गेल्या, त्यावरून गांधी इतके कळवळले की त्यांचे सचिव महादेवभाई देसाईंनी राजीनामा देऊ केला. सासूबाईंचं मत विचाराल तर, पुरीपर्यंत जाऊन जगन्नाथाला न भेटता यायचं हे कुठल्याच बाईला जमलं नसतं. मला पटत नाही. रिक्षात बसेपर्यंत आमचं त्यावर चालू होतं.

मिठाची गोष्ट मात्र दोघींना आवडली. आफ्रिकेत बांच्या आजारपणात गांधींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. बा वैतागून म्हणाल्या, तुम्हाला तरी सुटेल का? त्यांनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. बा रडकुंडीला आल्या, मी सोडते, तुम्ही नका सोडू म्हणाल्या, पण आता कोण ऐकतंय! "चिडून बोलायचीसुद्धा सोय नाही अशा माणसापुढे," सासूबाई म्हणाल्या.

बुधवार, पुन्हा गाडीत

रात्रीच्या गाडीनं वर्ध्याकडे. सकाळी खानदेश लागला. नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ. केळीच्या बागा दिसल्यावर आणि डब्यात मराठी ऐकू आल्यावर सासूबाईंचा चेहराच बदलला. चहावाल्याशीही त्या उगाच दोन वाक्यं जास्त बोलल्या.

रेल्वेत बसल्यावर हरिलाल आठवतो. बांचा थोरला. बॅरिस्टर व्हायला विलायतेला जायचं होतं, वडिलांनी पाठवलं नाही. तिथून जे बिनसलं ते कायमचं. दारू, कर्ज, १९३६ मध्ये धर्मांतर आणि थोड्याच महिन्यांत आर्यसमाजामार्फत परत. कटनी स्टेशनचा प्रसंग सांगतात तो असा: गाडी थांबली, फलाटावर 'महात्मा गांधी की जय' चाललं होतं, आणि मधेच एक आवाज आला, 'माता कस्तुरबा की जय'. फाटक्या कपड्यांतला हरिलाल. खिशातून एक संत्रं काढून त्यानं बांना दिलं. वडिलांनी विचारलं, माझ्यासाठी काय आणलंस? काही नाही, हे बांसाठी, आणि तुमचा मोठेपणाही तिच्यामुळेच. गाडी हलल्यावर बांच्या ध्यानात आलं की पोराला खायला काहीच दिलं नाही, आणि डब्यातली फळं खिडकीतून द्यावीत तोवर गाडी पुढे गेली होती.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. माझे एक दीर आहेत, त्यांच्याबद्दल आमच्या घरात फारसं बोलत नाहीत. अकोल्याला त्यांनी चार संत्री घेतली. त्यांतलं एक मला सोलून दिलं.

गुरुवार, सेवाग्राम

वर्ध्याहून आठेक किलोमीटर. १९३६ मध्ये गांधी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. विदर्भात दुसरं शेगाव असल्यानं टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून पुढे सेवाग्राम. आधी होतं ते आदिनिवास. एकच मोठी खोली, त्यात गांधी, बा, कार्यकर्ते, येणारेजाणारे, सगळे. बांना कपडे बदलायला आडोसा नव्हता. ही अडचण ओळखून जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली, ती बा कुटी.

मातीच्या भिंती, वर कौलं, छोटी ओसरी, आत सारवलेली जमीन. साबरमतीच्या खोलीपेक्षा ही मला जास्त तिची वाटली. सासूबाई चप्पल काढून आत गेल्या, भिंतीला हात लावून बघितला. कोपऱ्यात नीट सारवलेलं नाही असं त्यांचं निरीक्षण होतं; सारवणाचा हात कोपऱ्यात बोटांनी फिरवावा लागतो, पंजानं नाही, हे त्यांनी झाडलोट करणाऱ्या मुलीला प्रात्यक्षिकासह दाखवलं. मुलगी हसली आणि म्हणाली, "आजी, तुम्हीच ऱ्हा इथं."

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी दार लावून घेता येईल अशी स्वतःची कुटी. सासूबाईंना मी हे बोलून दाखवलं नाही. त्यांना स्वतःची खोली आमच्या नव्या फ्लॅटमध्ये मिळाली, सासरे गेल्यानंतर.

संध्याकाळच्या प्रार्थनेला पिंपळाखाली बसलो. अजून रोज होते.

शनिवार, पुणे

शुक्रवारचा दिवस आणि रात्र महाराष्ट्र एक्स्प्रेसनं खाल्ली. पहाटे पुण्यात उतरलो. घरी जाऊन सामान टाकलं, आणि सासूबाईंनी विश्रांती घ्यायला साफ नकार दिल्यामुळे सकाळीच येरवड्याला निघालो.

आगाखान पॅलेस पुण्यातले लोक लग्नाचे फोटो काढायचं ठिकाण म्हणून ओळखतात. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो बांधवला. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत गांधींना पकडलं. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा होती. बा म्हणाल्या, मग मी बोलते. निघायच्या बेतात असतानाच त्यांनाही पकडलं. आधी आर्थर रोड, आणि दोन दिवसांनी इथे. १५ ऑगस्टला महादेवभाई इथेच अचानक गेले. बा बाहेर पडल्याच नाहीत.

दीड वर्ष. त्या तुळशीला पाणी घालायच्या, गांधींच्या शिष्या मीराबेनबरोबर कॅरम खेळायच्या, आणि नवरा त्यांना भूगोल आणि गुजराती वाचन शिकवायचा. लग्नानंतर जे शिकवणं राजकोटला अर्धवट सुटलं होतं ते कैदेत पुन्हा सुरू झालं. सासूबाईंना कॅरमचं फार कौतुक वाटलं. "जिंकायच्या का?" त्यांनी दोनदा विचारलं.

१९४४ च्या फेब्रुवारीत दुखणं विकोपाला गेलं. धाकट्या देवदासनं कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलिन मागवलं. तेव्हा ते औषध नवं आणि दुर्मिळ. दर चार तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधी म्हणाले, आता तिला त्रास नको, देवावर सोड. देवदास वाद घालत राहिला. २२ फेब्रुवारी, महाशिवरात्र, संध्याकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी बा गेल्या, नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून. दुसऱ्या दिवशी आवारातच दहन झालं. अंगावर बापूंनी कातलेल्या सुताची साडी होती. राखेत काचेच्या पाच बांगड्या अभंग मिळाल्या.

मागच्या बाजूला दोन समाध्या आहेत, बांची आणि महादेवभाईंची. आम्ही गेलो तेव्हा माळी पाइपनं झाडांना पाणी देत होता आणि दोन कॉलेजची पोरं अभ्यास करत बसली होती. सासूबाईंनी पिशवीतून अकोल्याचं उरलेलं संत्रं काढलं, जरा विचार केला, आणि परत पिशवीत टाकलं. "माळी बघतोय. उगाच कचरा म्हणेल."

बाहेर बाकावर बसून मी त्यांना शेवटची गोष्ट सांगितली. बांच्या नावानं स्मारकनिधी काढला, २ ऑक्टोबर १९४४ पर्यंत ७५ लाख जमवायचे होते. जमले एक कोटीच्या वर. खेड्यांतल्या बायकांसाठी आणि मुलांसाठी ते खर्चायचे ठरले. इंदूरजवळ कस्तुरबाग्राम आहे, संस्थेचं मुख्य ठाणं तिथे.

"चार रुपयांचं पेपरात छापलं, आणि हे एक कोटी," सासूबाई म्हणाल्या. "कळलं असतं तर काय म्हणाली असती?"

मी म्हटलं, हिशेब मागितला असता.

रिक्षात बसल्यावर पेनिसिलिन निघालंच. माझं म्हणणं, शेवटच्या घटकेला सुया टोचून काय साधलं असतं. गांधींचं चुकलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, पोरानं एवढं विमानानं आणलं तर निदान एकदा टोचून बघायचं, पोराच्या मनाला तरी बरं वाटलं असतं. शास्त्रीनगरच्या सिग्नलला रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "कोण आजारी आहे का मावशी?"

"नाही रे बाबा," सासूबाई म्हणाल्या, "जुनी गोष्ट आहे." मग माझ्याकडे वळल्या. "पण दोघांपैकी कुणी तिला विचारलं होतं का, ते सांग आधी."